चौथा भोंगा

"ओने!"

मागच्या फाटकातून हाक आली आणि चुलीवरच्या पातेल्यात डाव फिरवता फिरवता पिनानं मान वरही न करता उत्तर दिलं, "रेस्पे!"

बोलून गेली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

शेजारी रताळी सोलत बसलेल्या चेफाची सुरीही थांबली. "काय म्हणालीस गं?"

"कुठं काय?"

"आत्ता बोललीस की. त्या लोकांसारखं."

"बाजारात ऐकून ऐकून बसतं तोंडात. तू नाही का लसणाचा भाव त्यांच्या भाषेत करत?"

"भाव करते मी. दारात आलेल्याला ओ नाही देत," चेफा म्हणाली आणि पुन्हा रताळ्याला लागली. पण एक डोळा पिनावर ठेवूनच.

नदीच्या त्या काठाला, हैतीच्या खेड्यापाड्यांत, कुणाच्या अंगणात पाय टाकायचा तर आधी 'ओने' म्हणायचं, म्हणजे मान. आतून 'रेस्पे' आलं, म्हणजे आदर, की मग फाटक ढकलायचं. हे कुणी बसून शिकवत नाही. त्या अंगणात जो वाढला त्याच्या तोंडून ते आपसूक येतं, शिंक यावी तसं. आणि बाजारात ऐकून शिकले म्हणावं, तर बाजारात फाटकं असतात कुठं?

फाटकात उभ्या असलेल्या पोरीला हे सगळं ठाऊक होतं. विडलीन तिचं नाव. वय बावीस-तेवीस, खांद्यावर चार पोकळ बांबू, कपाळावर घाम. पलीकडच्या वानामेंत गावातून जी सहा पोरं-पोरी आली होती, त्यांची ती म्होरकी. तिनं पिनाकडं पाहिलं, मग चेफाकडं पाहिलं, आणि आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा करून स्पॅनिशमध्ये विचारलं, "मावशी, हे कुठं ठेवू? ऊन लागलं की तडकतात."

पोरीनं झाकून घेतलं. पिनाला ते तिथंच कळलं, आणि तिला इतकं हायसं वाटलं, की खीर अजून पुरती आटली नव्हती तरी तिनं पहिला वाडगा भरून त्या पोरीच्या हातात ठेवला.

एलुपिना तातिस, म्हणजे आपली पिना, ही नदीच्या अलीकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या देशातल्या दाहाबोन गावात चर्चमागच्या स्वयंपाकघराची बाई. गावात बारसं असो की बारावं, पातेलं तिचं. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. एक मुलगी, योकास्ता, केस सरळ करायचं दुकान चालवते. जावई मेरान, सरहद्दीवर सार्जंट. दिवसभर नदीकाठी उभं राहून पलीकडच्यांना मागं हाकलणं हे त्याचं काम. एका बाईच्या आयुष्यात सांगण्यासारखं म्हणाल तर एवढंच. एकसष्टाव्या वर्षी पिनाला गावात सगळे ओळखत होते, आणि तिच्याबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नव्हतं. तिनं स्वतःच तशी तजवीज केली होती.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत फादरनी एक नवीन उद्योग काढला. सहा पोरं इकडची, सहा तिकडची. सगळी कलाकार. कुणी ढोल वाजवणारं, कुणी नाचणारं, कुणी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारं. दोन आठवडे चर्चच्या आवारात एकत्र राहायचं, एकत्र काहीतरी बसवायचं, आणि शेवटच्या शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत, पुलाच्या तोंडाशी, दोन्ही गावांसमोर ते करून दाखवायचं. "नदीवरची भांडणं मोठ्यांनी मिटवायची तेव्हा मिटवतील," फादर म्हणाले, "तोवर ही पोरं निदान एका पातेल्यातलं जेवू देत." म्हणजे पातेलं आलं पिनाकडं.

पहिल्या दिवशी एका पातेल्यातलं जेवली खरी, पण दोन भिंतींना पाठ लावून. आणि जेवण झाल्या झाल्या जुंपली.

"गागा आमचा," येराल म्हणाला. हा इकडच्यांचा म्होरक्या. पत्र्याची खरखरणारी ग्वीरा वाजवायचा, आणि तोंडही तसंच. "आमच्या उसाच्या मळ्यातलं वाजप आहे ते. पाळण्यात असल्यापासून ऐकतोय."

"आम्ही त्याला रारा म्हणतो. तोच तो," विडलीन म्हणाली. "आणि तुमच्या मळ्यात ऊस कोण तोडत होतं? तुझा आजोबा?"

"माझा आजोबा न्हावी होता."

"मग हजामतीची गाणी वाजव की."

तिकडची पोरं खिदळली, इकडचीही दोघं हसली, येराल लाल झाला. पिना खिडकीतून ऐकत होती. हे भांडण तिनं एका वाक्यात मिटवलं असतं. पण त्या वाक्यात तिचा बाप होता, म्हणून तिनं खिडकी लोटून घेतली.

राजम्याच्या खिरीवरूनही असाच गोंधळ. उपासाच्या दिवसांत आमच्याकडं घराघरात ती शिजते: राजमा वाटून, नारळाचं दूध, साखर, रताळं, मनुका, दालचिनी, आणि वरून दुधाची बारकी बिस्किटं. वाडगे भरून शेजारीपाजारी धाडायचे. पलीकडच्या पोरांनी ती हुंगली आणि एकमेकांकडं पाहिलं.

"राजम्यात साखर?" जोझिये नावाचा लांबुडका पोरगा म्हणाला. "काय पाप केलं होतं राजम्यानं?"

तिसऱ्या दिवशी तोच पोरगा पातेल्याची खरवड मागायला दारात उभा.

तालमी सुरू झाल्या. विडलीननं ते चार बांबू बाहेर काढले. एका अंगाला गाठ, तिला भोक पाडलेलं. त्यात ओठ लावून फुंकायचं. बांबूचे भोंगेच ते. आखूड भोंग्याचा सूर उंच, लांब भोंग्याचा खोल, पण एका भोंग्यात सूर एकच. दुसरा येतच नाही, काही केलं तरी. येरालनं एक उचलला आणि छाती फुगवून लागला वाजवायला, थांबायचं नाव नाही.

"अरे थांब, थांब!" विडलीननं भोंगा त्याच्या तोंडापासून ओढला. "तुझ्या वाट्याला एकच सूर आहे. तो लावायचा आणि गप्प बसायचं. मग दुसऱ्याचा ऐकायचा, तिसऱ्याचा ऐकायचा, चौथ्याचा ऐकायचा. मग परत तू. चौघांनी मिळून गाणं होतं ते."

"म्हणजे बहुतेक वेळ गप्पच?"

"हो. तुला जरा जड जाईल."

चौघं गोल करून उभे राहिले. दोन इकडचे, दोन तिकडचे. शेवटचा, सर्वांत लांब आणि खोल भोंगा जोझियेकडं होता. पहिल्यांदा नुसता गोंगाट झाला, कोंबड्यांच्या खुराड्यात कुत्रं शिरल्यासारखा. मग हळूहळू एकेकजण आपापल्या जागी पडू लागला. तीन सूर चढत गेले आणि खालून जोझियेचा आला, बुऽप. परत तीन, परत बुऽप.

स्वयंपाकघरात पिनाचा डाव पातेल्याच्या काठावर आपटला. बरोबर त्या चौथ्या जागेवर. तिला कळलंही नाही. पुन्हा आपटला, पुन्हा. चेफा म्हणाली, "पातेलं फोडतेस का, पिने?" तेव्हा कुठं तिनं हात आवरला. डोळे पाण्यानं भरून आले होते. बरं की कांदे समोर होते.

ती चौथी जागा तिच्या बाबांची.

तिचे बाबा, सेंतेलिस, पलीकडून ऊस तोडायला आले होते आणि मळ्यातच राहिले. आई दाहाबोनजवळच्या वाडीतली, मळ्यात धुणंभांडी करायला गेलेली. ऊसतोड्यांच्या वस्तीत, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत पिना जन्मली. उपासाच्या दिवसांत, ऊस तोडून हात सोलवटलेले असले तरी, संध्याकाळी गागा वाजवत मिरवणूक निघायची आणि बाबांच्या हातात तो लांब भोंगा असायचा. छोट्या पिनाला ते पुढ्यात उभं करायचे, भोंग्याचं तोंड तिच्याकडं धरायचे. "फुंकायचं नाही, पिनोट. ओठ फुरफुरवायचे. तान्हं बाळ कसं फुर्र करतं, तसं. आणि वाट बघायची. आपल्याआधी तिघं बोलतात. त्यांचं बोलून होऊ द्यायचं."

मग एके दिवशी वस्तीत सरकारी ट्रक आले. पलीकडून आलेली माणसं उभ्या कपड्यांनी चढवली आणि सरहद्दीपार नेली. पिना तेव्हा शाळेत होती. घरी आली तर आई उंबऱ्यात बसलेली, आणि चुलीवरचा भात करपून कोळसा झालेला. त्याच आठवड्यात आई तिला घेऊन माहेरी आली आणि म्हणाली, "आजपासून ती भाषा बंद. कुणी विचारलं तर बाप वारला म्हणून सांगायचं. आणि नाव माझं लावायचं." आईचंही चुकलं म्हणता येत नाही. बापाच्या नावासाठी लेकीला ट्रकमध्ये बसवायला कोणती आई तयार होईल?

पिनानं ऐकलं. जन्मभर ऐकलं. मात्र सोमवारी आणि शुक्रवारी, पुलापाशी बाजार भरला आणि पलीकडची माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन येऊ लागली, की ती पिशवी घेऊन जायची. लसूण घ्यायचा बहाणा. म्हाताऱ्यांचे चेहरे बघत हिंडायची. घरात लसणाच्या माळा एवढ्या साठायच्या की नवरा चिडवायचा, "दुकान टाकतेस का?" इतक्या वर्षांत एकालाही तिनं विचारलं नाही, की सेंतेलिस नावाच्या माणसाला ओळखता का. विचारलं असतं तर का विचारते, हे सांगावं लागलं असतं. आता बाबा असते तर नव्वदीच्या पुढं असते. म्हणजे नसणारच. पण कुठं राहिले, कुणी त्यांना शेवटी भात घातला की नाही, एवढं तरी कळावं, ही आस काही सुटत नव्हती.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी जोझिये घरी गेला. आईला ताप चढला होता, बघून येतो म्हणाला. त्याच संध्याकाळी वर कुठंतरी कुणाचं तरी कुणाशी बिनसलं आणि गुरुवारी सकाळी पुलावरचं फाटक बंद झालं. बाजार बंद, येणं-जाणं बंद. जोझिये पलीकडं अडकला, आणि निरोप आला की आईला घेऊन तो लांबच्या इस्पितळात गेलाय.

फादरनी धावपळ करून एवढं मिळवलं, की पुलाच्या तोंडाशी नाही तर निदान नदीकाठी पोरांनी वाजवायला हरकत नाही. बंदोबस्तात. पण चौथा भोंगा भिंतीला टेकून उभा होता, वाजवणारा नव्हता.

"मी बघतो," येराल म्हणाला, आणि त्यानं खरंच सकाळभर जीव ओतला. आता त्याच्यात आणि विडलीनमध्ये भांडण उरलं नव्हतं. तो तिच्याकडं असा बघायचा जसं पोरगं मास्तरणीकडं बघतं. पण लांब भोंग्यातून त्याला नुसती हवाच निघायची. "हा भोंगा नाही, गटाराचा पाईप आहे," म्हणून त्यानं शेवटी नाद सोडला. "रद्द करू या. इथं लोक आधीच म्हणतायत, बंद फाटकाच्या वेळी ह्यांना गाणी सुचतात."

"रद्द केलं तर पुढच्या वर्षी कुणी आपल्याला अंगणातसुद्धा उभं करणार नाही," विडलीन म्हणाली. "ना तुझ्या गावात, ना माझ्या."

दुपारी चेफा घरी गेली तशी विडलीन स्वयंपाकघरात आली. दार ओढून घेतलं आणि पहिल्यांदाच क्रेयोलमध्ये, आपल्या पलीकडच्या भाषेत बोलली, अगदी हळू.

"मावशी, तुम्ही रोज जोझियेच्या जागेवर डाव आपटता."

पिना भांडी घासत राहिली.

"एकदाही चुकला नाहीत. येराल चुकतो, मी चुकते. तुम्ही नाही. कुणी शिकवलं?"

पिनानं हात धुतले, पुसले, आणि तिच्या तोंडून ती भाषा निघाली. इतक्या वर्षांनी निघाली, तीही शाळकरी पोरीची, कारण शाळकरी वयातच ती थांबली होती. "बाबांनी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ती पोरगी जवळ आली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि पिनाचा ओला हात आपल्या हातात धरून ठेवला. मग पिनानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी.

"उद्या वाजवाल?" विडलीननं शेवटी विचारलं.

"वेडी का तू? जावई तिथं बंदूक घेऊन उभा असणार. गाव असणार. लेकीच्या संसारात माती कालवू?"

"बरं," विडलीन म्हणाली. "परत नाही विचारणार. शपथ."

"पोरी," पिना म्हणाली, "माझ्याशी ह्या भाषेत बोललीस, एवढेच उपकार पुष्कळ झाले."

त्याच संध्याकाळी पिना योकास्ताच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. दर पंधरा दिवसांनी लेक आईचे केस सरळ करून द्यायची. पिना खुर्चीत बसली, योकास्तानं मागून केसांत कंगवा घातला.

"आई, मान हलवू नकोस."

"योकास्ता, तुझे आजोबा पलीकडचे होते."

केस वाळवायचं यंत्र बंद झालं.

"कोणते आजोबा?"

"माझे बाबा. वारले म्हणून सांगत आले, ते खोटं. ट्रकमध्ये घालून नेले त्यांना."

आरशात योकास्ताचा चेहरा दिसत होता. तिथं आधी काहीच उमटलं नाही, मग राग आला. "आणि हे मला आत्ता सांगतेस? एकसष्टाव्या वर्षी? इतकी वर्षं झाकलंस, आणखी वीस वर्षं झाकायला काय झालं होतं तुला?"

"वीस वर्षं आता कुठून आणू?"

"मेरानला काय सांगू मी? दिवसभर तो त्यांना हाकलतो. आणि त्याची आई! माझ्या पोराच्या चपट्या नाकावरून ती आत्ताच टोमणे मारते, उद्या तर मला जगू द्यायची नाही." तिनं कंगवा आपटला, परत उचलला. केस ओढत राहिली, जरा जोरातच. बऱ्याच वेळानं योकास्ता मागून म्हणाली, "नाव काय होतं?"

"सेंतेलिस."

आईनं मनाई केल्या दिवसापासून हे नाव पिनाच्या ओठांवर आलं नव्हतं; विडलीनपाशीही ती नुसतं 'बाबा' म्हणाली होती. आलं ते घोगरं आलं.

योकास्तानं केसांचे गुंडाळे एकेक करून सोडवले. आईच्या खांद्यावरचे केस झटकले. मग म्हणाली, "उद्या नदीवर जाऊ नकोस. मेरानची ड्युटी तिथंच आहे. कधी काही मागत नाही मी तुझ्याकडं. एवढं ऐक."

पिना खुर्चीतून उठली आणि पिशवी घेऊन बाहेर पडली.

शुक्रवारी सकाळी तिनं मोठं पातेलं भरून खीर केली. आपण वाढायला जातोय, असं तिनं चेफाला सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं. पोरांना उपाशी का वाजवू द्यायचं?

नदी तिथं काही मोठी नाही. गुडघाभर पाणी, पण अंतर बरंच, आणि गोट्यांवरून खळाळणारं पाणी आवाज फार करतं. बाजार नसल्यानं लोक रिकामे होते, त्यामुळं अर्धं दाहाबोन काठावर. पलीकडं बायका नेहमीसारख्या धुणं धूत होत्या, मागं पोरंटोरं आणि म्हातारे. मधे मेरान आणि त्याची माणसं, पाय फाकवून उभी.

पोरं वाजवू लागली. येरालच्या माणसांनी शिंगांचे मुखवटे चढवले होते, विडलीनच्या माणसांनी पोपटांचे. ढोल लागला, ग्वीरा लागली, लोकांच्या माना डोलू लागल्या. मग भोंग्यांची पाळी आली. एक, दोन, तीन, आणि काहीच नाही. जिना चढताना शेवटची पायरी नसावी आणि पाय हवेत पडावा तसं झालं. पुन्हा तीन, पुन्हा खड्डा. पलीकडून कुणीतरी मोठ्यानं काहीतरी म्हणालं आणि तिकडची माणसं हसली. मग इकडचीही हसली. ढोलवाला गडबडला. येरालनं घाम पुसला.

विडलीन वाजवत राहिली. तिनं एकदाही पिनाकडं पाहिलं नाही. शपथ घेतली होती ना. एवढा फज्जा उडत असताना त्या पोरीनं मान वळवली नाही, आणि पिनाला तेच सहन होईना. तिनं एकदा जरी पाहिलं असतं, तरी पिना कदाचित पातेल्यापाशीच राहिली असती.

तिनं डाव पातेल्यात ठेवला. हात ॲप्रनला पुसले. दगडाला टेकवलेला भोंगा उचलला आणि मुखवट्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"अगंबाई, पिने!" चेफा ओरडली.

पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. लोक खिदळले. दुसऱ्यांदाही हवाच. पिनानं डोळे मिटले. फुंकायचं नाही, ओठ फुरफुरवायचे. आपल्याआधी तिघं बोलतात, त्यांचं बोलून होऊ द्यायचं. तिघं बोलले. आणि खालून, पोटातून, तिचा सूर आला, बुऽप. तिघं पुन्हा बोलले, आणि पुन्हा आला. गाणं उभं राहिलं. पलीकडच्या काठावर एक म्हातारा पाण्यात उतरून नाचू लागला, धुण्याच्या बायकांनी ठेक्यात कपडे आपटायला सुरुवात केली. इकडं येराल आनंदानं काहीतरी बरळत होता. पिनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, भोंगा तोंडाला असल्यानं पुसताही येत नव्हतं. किती वाजवलं कोण जाणे. मनात एकच होतं, देवा, ह्या पोरीचं भलं कर. माझ्या हातात माझी जागा परत दिली हिनं.

थांबले तेव्हा दोन्ही काठांवर एकच कल्ला झाला. तो ओसरता ओसरता पलीकडची एक वयस्क धोबीण कमरेवर हात ठेवून पाण्याच्या कडेला आली आणि तिनं ओरडून विचारलं. तिकडं चांगलं वाजवणाऱ्याला विचारतातच.

"ए, लांब भोंगावाली! कुणाची गं तू?"

इकडच्या निम्म्यांना कळलं, निम्म्यांना नाही. पिनाला मान हलवून हसता आलं असतं. तिनं मेरानकडं पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता.

"सेंतेलिसची!" ती क्रेयोलमध्ये ओरडली. "सेंतेलिसची मुलगी! ऊस तोडायचे माझे बाबा! गागात हाच भोंगा वाजवायचे! ट्रकनं नेऊन सोडले तिकडं! कुणी ओळखतं का?"

म्हातारीनं कानामागं हात धरला. नाव पोहोचलं नव्हतं. पिना पुन्हा ओरडली, पण वाजवून वाजवून घसा बसला होता. निघाली ती नुसती फुसफुस. मेरान वाळू तुडवत तिच्यापाशी आला. विडलीन पुढं झाली, येरालही झाला, आता हा काय करतो म्हणून.

"सासूबाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा काय प्रकार आहे?"

"माझे वडील आहेत, मेरान."

त्यानं ते गिळलं. नदीकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. कान तांबडे झाले होते. "मला कुणी काही सांगत नाही या घरात," तो पुटपुटला. मग म्हणाला, "आणि असं कुजबुजून नदीपार जातं का?"

त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि आवाज काढला. रोजचा, ड्युटीचा आवाज. तो कानावर पडताच पलीकडच्या बायकांनी सवयीनं घमेली उचलली आणि दोन पावलं मागं सरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आज हा हाकलत नाही, नाव घेतोय.

"सान्तेलिसो!"

"सान्तेलिसो नाही!" मागच्या गर्दीतून आवाज आला. दुकानाचा झगा तसाच अंगावर, हातात कंगवा, योकास्ता माणसं बाजूला सारत येत होती. डोळे सुजलेले. "सेंतेलिस! नीट सांग त्यांना, सेंतेलिस!"

मेरान पुन्हा ओरडला. ह्या वेळी बरोबर.

पलीकडच्या म्हातारीनं आठवून पाहिलं. मग हात हलवला. नाही, तिला नव्हतं ठाऊक. पण ती वळली आणि खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बाईला तिनं ते नाव ओरडून सांगितलं. त्या बाईनं पुढच्या बाईला सांगितलं, पुढचीनं तिच्या पुढचीला. नाव काठाकाठानं खाली जात राहिलं. नदीच्या वळणापलीकडं, जिथं कुणी दिसत नव्हतं, तिथूनही ते एकदा बारीक ऐकू आलं.

मग तेही ऐकू येईना. पिना तरी कान देऊन उभी राहिली. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला टोपी हातात घेतलेला जावई, आणि तिच्यामागं सगळं गाव.